स्कॉट नक्की कोण? एडिंबराहून केलेल्या तीन दिवसांच्या इतिहास टूरचा रिव्ह्यू

जूनमध्ये मी आणि आत्या एडिंबराला होतो तेव्हा तिथून निघणारी तीन दिवसांची एक इतिहासाची टूर केली. सोळा सीटची छोटी बस, एक ड्रायव्हर, एक गाइड, रोज सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत एडिंबराला यायचं, माणशी ३३० पौंड, त्यात मठांची आणि म्युझियमची तिकिटं धरलेली नाहीत, जेवणही आपलं आपण बघायचं. विषय होता मध्ययुगात स्कॉटलंडचं राज्य कसं घडलं आणि तिथे राहणारी पाच-सहा वेगवेगळ्या कुळांची, वेगवेगळ्या भाषांची माणसं स्वतःला स्कॉट कधीपासून म्हणवून घ्यायला लागली. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण कौतुकाइतक्याच तक्रारीही आहेत आणि कंपनी अगदी लहान आहे, पण तुम्ही अशी कुठलीही टूर घ्या किंवा स्वतः गाडी भाड्याने घेऊन फिरा, हा रूट आणि आमचे अनुभव उपयोगी पडतील म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. रेटिंग हवं असेल तर गाइडला पाचपैकी पाच, वेळेच्या नियोजनाला दोन, आणि परत जाशील का विचाराल तर हो, उद्या सांगा, बॅग भरते.

जाण्याआधी माझ्या डोक्यात असं होतं की स्कॉटिश लोक म्हणजे पहिल्यापासून एकच लोक, इंग्रज खाली आणि हे वर, मग यांच्यात लढाया. आत्याचंही तेच. गाइडबाईंनी पहिल्याच दिवशी बस सुटल्यावर दहा मिनिटांत हे चित्र मोडून टाकलं. म्हणाल्या, हजार सालाच्या आसपासचा हा प्रदेश डोळ्यासमोर आणा, उत्तर-पूर्वेला जुने पिक्ट, त्यांच्यात आता मिसळून गेलेले गेलिक बोलणारे गेल लोक, क्लाइड नदीच्या बाजूला वेल्शसारखी भाषा बोलणारे ब्रिटन, दक्षिण-पूर्वेला लोथियनमध्ये इंग्रजी बोलणारे अँगल, बेटांवर आणि उत्तरेच्या टोकाला नॉर्स, नैर्ऋत्येला गॅलोवेत गेलिक आणि नॉर्स यांची मिसळण, आणि पुढच्या शतकात यावर नॉर्मन, ब्रेटन, फ्लेमिश म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडचे लोक येऊन बसणार. आता तीन दिवस एकच प्रश्न विचारायचा, अमुक साली इथे उभ्या असलेल्या माणसाला तू कोण असं विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? हा प्रश्न त्यांनी प्रत्येक स्टॉपवर विचारला आणि खरं सांगते, प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं होतं, आणि तेच या टूरचं सगळ्यात भारी वैशिष्ट्य आहे.

पण पहिला दिवस सुरूच वाईट झाला. बस चाळीस मिनिटं उशिरा, पाऊस पडतोय, आम्ही उघड्यावर उभे, आत्याचा गुडघा दुखतो हे मी बुकिंग करताना लिहिलं होतं, कोणी एक फोन करायला काय हरकत होती? आत्या शाकाहारी आहे हेही लिहिलेलं, त्याचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. आणि बसमध्ये गाइडचा माइक इतका खरखरत होता की मागच्या दोन रांगांना निम्मं ऐकूच जात नव्हतं, आम्ही मग दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन पुढच्या सीट धरल्या.

पहिल्या दिवशी बॉर्डर्सचा भाग, म्हणजे इंग्लंडच्या सीमेलगतचा. पहिला स्टॉप ड्रायबरा मठ. ट्वीड नदीच्या वळणात, झाडांच्या गर्दीत पडका मठ, पाऊस थांबून नुकतं ऊन आलेलं, इतकी शांतता की कोणी मोठ्याने बोलेना. आणि तिथे उभं राहून गाइडबाईंनी सांगितलं की बाराव्या शतकाच्या शेवटी शेवटी या मठातल्या ॲडम नावाच्या माणसाने आपण कुठे आहोत हे लिहून ठेवलंय, की आम्ही इंग्रजांच्या भूमीत आणि स्कॉटांच्या राज्यात आहोत. मी हे वाक्य दोनदा विचारून घेतलं. म्हणजे राजा स्कॉटांचा, कर त्याला, सनद त्याची, पण माझ्या पायाखालची जमीन इंग्रजांची आणि या साधूंना त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं! राज्य एक गोष्ट होती आणि आपण कोण ही दुसरी गोष्ट होती, दोन्ही जुळलीच पाहिजेत असं कोणाला वाटत नव्हतं. तेव्हाच्या राजांच्या सनदांमध्ये सुरुवातीला संबोधन असायचं ते तर मला पाठच झालंय, माझे फ्रेंच, इंग्रज, स्कॉट आणि गॅलोवेकर अशा सगळ्या प्रामाणिक माणसांना. राजा स्वतःच यादी वाचतोय. आणि या यादीत स्कॉट म्हणजे सगळी प्रजा नव्हे, फक्त फोर्थ नदीच्या उत्तरेकडची माणसं, बाकीच्यांसारखाच एक गट.

हे सगळं जमवून आणणारा राजा मुख्यतः डेव्हिड पहिला, ११२४ ते ११५३. तो इंग्लंडच्या दरबारात वाढलेला, येताना नॉर्मन मित्रांना घेऊन आला, त्यांना जमिनी दिल्या. पुढे राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसचे पूर्वज त्यातलेच, नॉर्मंडीतल्या ब्रिक्स गावचे म्हणून ब्रूस. पुढे जे स्टुअर्ट राजे झाले त्यांचं घराणं मूळ फ्रान्समधल्या ब्रिटनीतलं. डेव्हिडने मठ काढले, मेलरोज ११३६ चा, तिथे साधू आणले यॉर्कशरमधून, आणि बर्ग म्हणजे बाजारपेठेची शहरं वसवली, तिथे इंग्रज आणि फ्लेमिश व्यापारी आले. स्कॉटलंडच्या राजाने पाडलेली पहिली नाणीही त्याचीच. या बर्गांमुळे इंग्रजीची एक बोली उत्तरेकडे पसरत गेली आणि पुढे तीच स्कॉट्स भाषा झाली, म्हणजे ज्या भाषेला आज स्कॉट्स म्हणतात ती मुळात अँगलांची आणि ज्यांना मुळात स्कॉट म्हणत ते बोलायचे गेलिक. आत्या म्हणाली, अगं म्हणजे नाव एकाचं आणि भाषा दुसऱ्याची. अगदी तसंच.

केल्सोजवळ रॉक्सबरा दाखवलं, म्हणजे दाखवायला काही नाहीच, नदीकाठी एक टेकडी, तिच्यावर किल्ल्याची दोन-चार पडकी टोकं आणि बाजूला गवताचं मैदान. डेव्हिडच्या काळी हे राज्यातलं आघाडीचं शहर होतं, नाणी पाडायची टांकसाळ, चर्च, बाजार, आणि आज मेंढ्या. बसमधल्या काही जणांना हा स्टॉप फुकट वाटला, मला नाही वाटला.

इथेच गाइडबाईंनी ११३८ च्या स्टँडर्डच्या लढाईची गोष्ट सांगितली आणि ती ऐकायला तरी ही टूर करा. लढाई इंग्लंडमध्ये नॉर्थॲलर्टनजवळ झाली. डेव्हिडच्या सैन्यात सगळे होते, नॉर्मन सरदार, लोथियनचे इंग्रज, कंब्रियाचे, उत्तरेचे स्कॉट, गॅलोवेकर. आदल्या रात्री भांडण की पुढच्या फळीत कोण. राजाला चिलखतवाले नॉर्मन पुढे हवे होते, गॅलोवेकर म्हणाले तो मान आमचा, आम्हाला चिलखत लागत नाही. स्ट्रॅथर्नचा अर्ल, म्हणजे तिथला मोठा सरदार, उठून म्हणाला की उद्या यातला एकही चिलखतवाला उघड्या अंगाच्या माझ्यापुढे जाणार नाही. शेवटी राजाने हार मानली, गॅलोवेकर पुढे गेले, इंग्रजांच्या बाणांनी पार चाळण झाली आणि लढाई हातची गेली. एका राजाचं सैन्य होतं पण एका लोकांचं सैन्य नव्हतं, हे याहून स्पष्ट मला कोणी समजावून सांगू शकलं नसतं.

आणि एवढं रंगलेलं असताना बस थेट एका लोकरीच्या कपड्यांच्या दुकानापुढे थांबली, सव्वा तास! मेलरोजला पन्नास मिनिटं आणि शालींच्या दुकानात सव्वा तास. मेलरोजमध्ये ब्रूसचं हृदय पुरलंय ती जागा बघायला आम्हाला अक्षरशः पळावं लागलं, आत्या तर पोचलीच नाही तिथपर्यंत. दुकानाकडून कंपनीला काही मिळतं का मला माहीत नाही पण बुकिंगच्या वेळी हा स्टॉप लिहिलेला नव्हता आणि पैसे भरणाऱ्याला हे आधी कळायला हवं, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा दिवस मात्र सोन्यासारखा गेला. सकाळी फोर्थवरच्या नव्या पुलावरून जाताना गाइडबाई म्हणाल्या, आता आपण स्कॉटलंडमध्ये शिरतोय. सगळे हसले कारण आम्ही दोन दिवस स्कॉटलंडमध्येच होतो. पण खरंच, बाराव्या शतकात स्कॉशिया म्हणजे फोर्थच्या पलीकडचा भाग. १२५० च्या सुमारास सेंट ऑल्बन्सच्या मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधूने काढलेला नकाशा त्यांनी प्रिंट करून आणला होता आणि सीट-सीटवर फिरवला. त्यात उत्तरेचा भाग जवळजवळ वेगळं बेट काढलंय, आणि त्याला खालच्या भागाशी जोडणारी एकच गोष्ट, स्टर्लिंगचा पूल. त्या नकाशात पलीकडच्या भागाला समुद्रापारचा स्कॉटलंड असं लिहिलंय. खाली क्वीन्सफेरी दिसत होतं, राणी मार्गारेटने सेंट अँड्र्यूजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथे होडी सुरू केली म्हणून त्या जागेचं हे नाव. गाडीत बसून, हातात नकाशा, खाली तेच पाणी, अशा वेळी इतिहास डोक्यात बसतो, पुस्तकातून माझ्या नसता बसला.

डनफर्मलिनला दीड तास, पुरेसा. हा मार्गारेटचा गाव म्हणा, इंग्रज राजघराण्यातली, हंगेरीत वाढलेली मुलगी, गेलिक राजा माल्कम तिसऱ्याची बायको, १०९३ मध्ये वारली आणि १२५० च्या सुमारास संत झाली. ब्रूसही इथेच पुरलाय, मनोऱ्याच्या चारही बाजूंनी वरच्या कठड्यात दगडी अक्षरांत किंग रॉबर्ट द ब्रूस असं कोरलंय, ते लांबूनच वाचता येतं. पण गाइडबाई आम्हाला घेऊन थांबल्या त्या अलेक्झांडर तिसऱ्यासाठी, तोही इथेच पुरलेला. १९ मार्च १२८६ च्या वादळी रात्री किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून मेला, मुलं आधीच गेलेली, उरली एक नात, नॉर्वेत, लहानगी.

आता इथे माझ्या मते अख्ख्या टूरचा जीव आहे म्हणून जरा थांबून लिहिते. राजा नाही, वारस परदेशात आणि पाळण्यातून नुकतीच उठलेली. माणसं विस्कटायला हवी होती, कारण आतापर्यंत या सगळ्यांना बांधणारी गोष्ट एकच होती, राजा. पण झालं उलटंच. राजे जिथे गादीवर बसायचे त्या स्कूनला सभा भरली, सहा पालक नेमले, दोन बिशप, दोन अर्ल, दोन सरदार, आणि त्यांनी राज्य चालवायला शिक्का बनवला. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला क्रॉसवर चढवलेला संत अँड्र्यू आणि भोवती लॅटिनमध्ये लिहिलंय की अँड्र्यू, तू आमचा, स्कॉट देशबांधवांचा नेता हो. शंभर वर्षांपूर्वी ज्या राज्यात राजा फ्रेंच, इंग्रज, स्कॉट, गॅलोवेकर अशी यादी वाचत होता तिथे आता राजाच नाही आणि सगळ्यांना मिळून एकच शब्द, स्कॉट, देशबांधव. गाइडबाईंनी शिक्क्याचा फोटो दाखवला तेव्हा आत्याने माझा हात धरला, ती म्हणाली, घरातला कर्ता गेल्यावर कळतं ते घर होतं की नुसती खानावळ. मला तर तिथेच डोळ्यांत पाणी आलं.

मी विचारलं की मग या शंभर वर्षांत नेमकं झालं काय? त्यांचं उत्तर मला पटलं. एकाच राजाचे शेरीफ म्हणजे अधिकारी आणि एकच कायदा हळूहळू सगळीकडे चालायला लागला, खटला कुठे न्यायचा तर राजाच्या कोर्टात. चर्चने यॉर्कच्या आर्चबिशपच्या हाताखाली जायला नकार दिला आणि ११९२ मध्ये पोपने स्कॉटिश चर्चला आपली खास कन्या म्हणून थेट रोमच्या हाताखाली घेतलं, फक्त गॅलोवे तेवढं त्यात नव्हतं. नाणी एक, बाजार एक. रक्त एक झालं नाही, भाषा एक झाली नाही, पण रोजचे व्यवहार एका घरातले झाले, आणि मग शब्दाचा अर्थ नकळत पसरला. तेराव्या शतकात कधीतरी स्कॉटलंड या शब्दात फोर्थपासून ट्वीडपर्यंतचा भागही आला, कोणी ठराव करून नाही.

स्टर्लिंगला किल्ल्याचा चढ आत्याला जड गेला, ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी खाली आरामात बसून सूप प्यावं, मसुराचं सूप बहुतेक सगळीकडे मिळतं आणि चांगलं असतं. पुढे इंग्रजांनी राज्य ताब्यात घेतलं तेव्हा त्यांच्याशी लढलेला वॉलेस, त्याच्या मॉन्युमेंटला २४६ पायऱ्या आहेत, आम्ही गेलो नाही, बसमधले तिघं गेले. मला वॉलेसबद्दल दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक तर वॉलेस या आडनावाचाच अर्थ वेल्श किंवा ब्रिटन, म्हणजे या राज्याचा हिरो नावाने परकाच. ११ सप्टेंबर १२९७ ला स्टर्लिंग ब्रिजची लढाई त्याच्या बरोबरीने जिंकणारा अँड्र्यू मरे हा फ्लेमिश पूर्वजाच्या घराण्यातला. दुसरी गोष्ट, लढाईनंतर महिन्याभरात या दोघांनी ल्युबेक आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र लिहिलं, स्कॉटलंडचं राज्य इंग्रजांच्या ताब्यातून सुटलंय, माल घेऊन निर्धास्त या. लढाई जिंकल्यावर पहिली काळजी बाजाराची! मला हे फार आवडलं.

बॅनकबर्नबद्दल जास्त लिहीत नाही, ब्रूसने इंग्रजांना हरवलं ती १३१४ ची लढाई सगळ्यांना माहीत असते, व्हिजिटर सेंटर मुलांना आवडेल, बाहेर ब्रूसचा घोड्यावरचा पुतळा भव्य आहे, फोटो काढा. त्यापेक्षा जवळच कॅम्बस्केनेथ मठ आहे तिथे नक्की जा, आज एकटा घंटाघराचा मनोरा उभा आहे, बाकी पाया. लढाईनंतर नोव्हेंबरमध्ये इथे पार्लमेंट भरलं आणि ठरलं की जे ब्रूसला शरण आले नाहीत त्यांची स्कॉटलंडमधली जमीन गेली. त्याआधी कितीतरी सरदारांच्या जमिनी दोन्ही देशांत असायच्या, इकडच्या राजालाही मुजरा आणि तिकडच्याही. आता एक निवडा. गाइडबाई म्हणाल्या, माणसाला आपण कोण हे बरेचदा तेव्हाच ठरवावं लागतं जेव्हा न ठरवण्याची सोय संपते. ओळख फक्त प्रेमाने बनत नाही, कागदावर, जमिनीच्या हिशोबाने, थोड्या जबरदस्तीनेही बनते हे त्यांनी लपवलं नाही, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

तिसरा दिवस पर्थ, स्कून, एबरलेम्नो, आर्ब्रोथ. वाटेत रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा खेळ घेतला, मस्त होता. एबर आणि इनव्हर दोन्हींचा अर्थ नदीचं मुख, पण एबर पिक्टांचा आणि ब्रिटनांचा, इनव्हर गेलिक. पिट ने सुरू होणारी गावं म्हणजे पिक्टिश शब्द, जमिनीचा तुकडा, आणि बरेचदा त्याला जोडलेला पुढचा शब्द गेलिक. पिट्लॉक्रीची पाटी दिसली की सगळी बस ओरडायची. म्हणजे पिक्ट कुठे गेले याचं उत्तर रस्त्यावर लिहिलेलंच आहे, कुठे गेले नाहीत, गेलिक बोलायला लागले.

पर्थच्या म्युझियममध्ये राज्याभिषेकाचा दगड आहे, मार्च २०२४ पासून इथे ठेवलाय, बघायला पैसे नाहीत पण वेळ बुक करावी लागते, ती कंपनीने केलेली होती, हे काम चोख. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने तो लंडनला नेला आणि १९९६ मध्ये परत आला, बरोबर सातशे वर्षं. दगड साधा, चौकोनी, लोखंडी कड्या, इथल्याच आसपासच्या खाणीतला वाळूचा दगड. मग जवळच स्कूनला, जिथे राजे त्यावर बसायचे ती टेकडी, तिथे दगडाची प्रतिकृती आहे. ९०० च्या आसपास इतिवृत्तांत पिक्टांचा राजा हा शब्द थांबतो आणि अल्बाचा राजा सुरू होतो, अल्बा म्हणजे स्कॉटलंडचं गेलिक नाव, आणि ९०६ मध्ये राजा कॉन्स्टंटीन आणि बिशप केलाख यांनी स्कूनजवळच्याच टेकडीवर श्रद्धेचे आणि कायद्याचे नियम पाळायची शपथ घेतली. १२४९ मध्ये सात वर्षांचा अलेक्झांडर तिसरा इथे बसला तेव्हा एक वयस्कर गेल पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि गेलिकमध्ये राजाची वंशावळ म्हणायला लागला, अमुकचा पुत्र अमुक, थेट पुराणातल्या पूर्वजांपर्यंत. भोवती निम्मे सरदार नॉर्मन वंशाचे. आणि तेही ऐकतायत, हा आपला राजा म्हणून.

एबरलेम्नोचे पिक्टांनी कोरलेले दगड रस्त्याच्या कडेलाच आहेत, तिकीट नाही, रांग नाही. तीन रस्त्यावर आणि एक चर्चच्या आवारात. आवारातला बघाच, एका बाजूला क्रॉस, विणकामासारखी नक्षी, मागे लढाईचं दृश्य, घोडेस्वार, भाले, एका कोपऱ्यात पडलेला माणूस आणि त्याला टोचणारा पक्षी. बाराशे वर्षं तरी झाली असतील. आत्या त्या नक्षीवरून लांबूनच हवेत बोट फिरवत उभी होती, कोणी हे केलं असेल गं, म्हणत.

आणि तिथून बस आर्ब्रोथला. लाल दगडाचा मठ, ११७८ मध्ये विल्यम राजाने स्थापलेला, आता पडका. ६ एप्रिल १३२० ची तारीख घालून पोप जॉन बाविसाव्याला इथून पत्र गेलं, ३९ अर्ल आणि सरदारांच्या नावाने आणि सगळ्या राज्याच्या वतीने. नावंच वाचा, डंकन आणि मॅलिस गेलिक, मॅग्नस नॉर्स, आणि तो तर ऑर्कनीसाठी नॉर्वेच्या राजाचा माणूस, मोब्रे नॉर्मन, वॉल्टर स्टुअर्ट ब्रेटन घराण्यातला. आणि हे सगळे मिळून लिहितात की आम्ही स्कॉट, सिथियातून म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून निघालो, स्पेनमधून आलो, ब्रिटनांना हाकललं, पिक्टांचा समूळ नाश केला, आमच्याच वंशाचे ११३ राजे झाले, मध्ये एकही परका नाही.

मी तिथे सुन्न झाले. तासाभरापूर्वी आम्ही पिक्टांच्या दगडापुढे उभे होतो! ज्यांची गावं, ज्यांची रक्ताची नाती यांच्या प्रत्येकाच्या घरात असतील त्यांचा नाश केला असं अभिमानाने लिहितायत. ज्याचे आजोबा-पणजोबा नॉर्मंडीचे तो म्हणतोय आम्ही सिथियाचे. खोटं आहे का? गाइडबाई म्हणाल्या, त्या काळी पोपपुढे दावा असाच मांडायचा असे, एडवर्डने १३०१ मध्ये ट्रॉयहून येऊन ब्रिटन वसवणाऱ्या ब्रूटसची दंतकथा सांगून हक्क सांगितला, त्याला उत्तर म्हणून स्कॉटिश वकिलांनी स्कॉटांची मूळ आई म्हणून इजिप्तच्या फॅरोची मुलगी स्कोटा आणली. एका जुन्या लोकांचं एक राज्य असलं तरच ते स्वतंत्र, म्हणून अनेकांनी स्वतःला एक करून लिहिलं. त्याच पत्रात पुढे आहे की आमच्यातले शंभर जण जिवंत असेपर्यंत इंग्रजांची सत्ता मानणार नाही आणि खुद्द रॉबर्ट राजा डगमगला तर त्यालाही हाकलून दुसरा राजा करू. हे वाचताना अंगावर काटा येतो. आणि मला दोन्ही एकदम वाटलं, त्या शंभर जणांबद्दल आदर आणि त्या पिक्टांबद्दल वाईट, आणि अजूनही दोन्ही वाटतंय. बाई पुढे हेही बोलल्या की त्याच वर्षी ब्रूसविरुद्ध कट उघड झाला आणि त्यात या पत्रातले सूल्स, मोब्रे हेही होते. म्हणजे एका पत्राने सगळे एक झाले असं नाहीच.

आणि या जागेला वेळ किती? पस्तीस मिनिटं! सगळ्या टूरचा शेवट, सगळे धागे जिथे येऊन मिळतात ती जागा, आणि ड्रायव्हर घड्याळ दाखवतोय. शिवाय ब्रोशरमध्ये असं लिहिलं होतं की आर्ब्रोथला ते पत्र बघायला मिळेल. मिळत नाही. पोपला गेलेलं मूळ हरवलंय, जी प्रत मागे राहिली ती एडिंबरात सरकारी दप्तरखान्यात आहे, १९ मोहरा उरल्यात तिच्यावर, आणि ती क्वचितच बाहेर काढतात, २०२३ मध्ये महिनाभर दाखवली होती. गाइडबाईंनी स्वतःहून माफी मागितली, चूक त्यांची नव्हती.

आणखी एक उणीव, सगळी टूर पूर्वेला. पश्चिमेचं काहीच नाही, ना ग्लासगोमधल्या गोव्हनचे कोरीव दगड, ना गॅलोवे, ना बेटं. आत्याने विचारलं तेव्हा परतीच्या वाटेवर बाईंनी अर्धा तास त्यावर बोलून घेतलं, की हेब्रिडीज बेटं १२६६ च्या पर्थच्या तहाने नॉर्वेकडून चार हजार मार्क देऊन घेतली, की ब्रिटन आणि स्कॉटांचा जुना कायदा होता ज्यात राजाच्या जिवाची भरपाई हजार गाई, आणि तो १३०५ मध्ये एडवर्डने बंद करायला लावला. एवढा माल असताना चौथा दिवस का नाही ठेवत? मी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहून आले, दुकान काढा आणि गोव्हन घाला.

बुक करणाऱ्यांसाठी, कुठल्याही कंपनीला आधी तीन गोष्टी विचारा, गाइड कोण आहे आणि त्यांचा विषय काय, वाटेत खरेदीचे स्टॉप किती, आणि आर्ब्रोथला किमान दीड तास मिळेल का. कालक्रमाने हवं असेल तर आमचा तिसरा दिवस पहिला करा, मग बॉर्डर्स, मग फोर्थ आणि स्टर्लिंग, आणि आर्ब्रोथ शेवटी स्वतंत्र अर्धा दिवस, एडिंबराहून थेट ट्रेन जाते. आणि थंडीत जाऊ नका, ऑक्टोबर ते मार्च एबरलेम्नोच्या दगडांवर लाकडी पेट्या घातलेल्या असतात.